तबकडीची शेवटची बोटभर जागा

हुरड्याचे दिवस आले की मी बाभळीचे काटे तोडायला जातो. गावातली माणसं विळा घेऊन कणसं आणायला निघतात आणि मी खिशात जुनी कात्री घालून ओढ्याच्या काठाने चालू लागतो. काटा जून लागतो. पांढरा, सरळ, बोटाच्या दोन पेरांएवढा. हिरवा काटा कामाचा नाही, त्याचं टोक लगेच मऊ पडतं. दहा-बारा काटे तोडायचे, घरी आणून उन्हात वाळवायचे आणि त्यातला सगळ्यांत चांगला एक निवडायचा. गेली वीस-एकवीस वर्षं हे चाललं आहे. वाटेत भेटणाऱ्यांनाही आता सवय झाली आहे.

"काय कंपोंडर, लोकाच्या पायातले काटे काढायचं सोडून सोताच काटे जमा करायलाव का?" असं कुणीतरी दर वर्षी म्हणतं आणि मी दर वर्षी हसतो.

काटा फोनोसाठी लागतो. माझ्याकडे चावीचा एक जुना फोनो आहे, पूर्णेच्या स्टेशनावरच्या एका रेल्वे गार्डाने बदली झाल्यावर जाताना विकलेला. त्याला लोखंडी सुई असते, पण माझ्याकडची एकुलती एक तबकडी त्या सुईने खरवडली जाते. ती बाजारात मिळते तशी टणक तबकडी नाही. पत्र्यावर काळा मऊ लेप दिलेला आहे आणि त्या लेपात आवाज कोरलेला आहे. गाणं नाही त्यात. एका माणसाचा श्वास आहे.

हे सगळं कधीतरी लिहून काढायचं असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. गेल्या सोमवारी त्या माणसाची बायको, साळामावशी, येऊन गेली, आणि आता लिहिण्यावाचून दुसरं काही करता येत नाही.

निजामाचा अंमल होता तेव्हा. जर्मनीशी लढाई सुरू होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. मी चोवीस वर्षांचा होतो आणि पूर्णेपासून तीन कोसांवरच्या या गावातल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि उर्दू अक्षरांची पाटी. डॉक्टर लांबच्या रजेवर गेले होते, त्यामुळे नाडी बघण्यापासून पट्टी बांधण्यापर्यंत सगळं मीच करत होतो. लोक घरून बाटली आणत. मी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून कात्रीने घोटांच्या खुणा करी आणि मोठ्या बरणीतलं खोकल्याचं लाल औषध भरून देई. माझे कान चांगले होते. नळी छातीला लावली की कुठे पाणी साचलं आहे आणि कुठे नुसता कफ आहे, हे मला कुणी न शिकवता कळू लागलं होतं. याचा मला गर्व होता, आणि गर्व दाखवायला गावात कुणी नव्हतं.

त्या हिवाळ्यात हैदराबादहून एक डॉक्टरसाहेब आले. पूर्णेला गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर पाच पेट्या होत्या. त्या बैलगाडीने इथवर आणल्या, खाली कडब्याच्या पेंढ्या घालून, जणू काचेची भांडी आहेत. एका पेटीत तबकड्या कोरायचं यंत्र होतं, दोन पेट्यांत मोटारीच्या बॅटऱ्या आणि बाकीच्यांत कोऱ्या तबकड्या. साहेब डॉक्टरी शिकवत असत. त्यांचं म्हणणं असं की, मुलं पुस्तक वाचून छातीतला आवाज शिकतात, आणि प्रत्यक्ष रोग्याच्या छातीला नळी लावतात तेव्हा गोंधळतात. म्हणून माणसाच्या शरीरातले सगळे आवाज तबकड्यांवर घ्यायचे, निरोगी आणि रोगी, आणि मुलांना वर्गात बसून ऐकवायचे. शहरातले आवाज त्यांनी घेतले होते. आता खेड्यातली शरीरं हवी होती, रानात राबणारी.

आमच्या दवाखान्याची मागची खोली त्यांनी निवडली. पण भिंती मातीच्या असल्या तरी वर पत्रा होता आणि आवाज घुमत होता. साहेब म्हणाले, काहीतरी जाड कापड लावा. गावाबाहेर पड राहिलेल्या रानात पेडगावकडचे धनगर मेंढरं घेऊन उतरले होते. दर हिवाळ्यात ते येत, शेतमालक आपापल्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेत, खत होई. मी त्यांच्याकडे गेलो आणि चौदा घोंगड्या मागून आणल्या. त्यातल्या नऊ त्या धनगरांमधल्या मल्हारीमामांच्या होत्या.

"औषधाला माणूस लागतो हे ठावं व्हतं," मल्हारीमामा म्हणाले होते, "आता घोंगडं बी लागायलंय का?"

"भिंतीला थंडी वाजायलीय, मामा," मी म्हणालो.

"मंग भिंतीला सांग, सकाळी परत दे मनावं. आमाला बी वाजतीय."

भिंतींवर, पत्र्याखाली, दारावर घोंगड्या टांगल्या. त्या खोलीत पाऊल टाकलं की बाहेरचं सगळं तुटून जाई. मेंढरांचा, धुराचा, ओल्या लोकरीचा वास आणि स्वतःच्या कानातली भणभण, एवढंच उरे. आजही कुणाची घोंगडी अंगाजवळून गेली की माझ्या कानांना दडे बसल्यासारखं होतं.

आवाज घ्यायचे भरदुपारी. तेव्हा मेंढरं चरायला लांब गेलेली असत, बायका रानात असत. तरीही आधी मी गावातून फेरी मारी. कुत्री हाकलायची, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवायला सांगायचं, कुणी कांडत असेल तर थांबवायचं. आवाज टिपणारी एक छोटी गोल डबी होती, ती छातीवर धरायची. डबी धरणारा हात जराही हलला तर तबकडीवर वादळ उठे. माझा हात हलत नसे. दुसऱ्या हाताने घोड्याच्या केसांचा ब्रश धरून, तबकडीतून कोरून निघणारा काळा दोरा बाजूला सारायचा. तो दोरा गोळा करून पाण्याच्या डब्यात टाकायचा, कारण ठिणगी लागली तर भस्सकन पेटे. आणि शेवटी, तबकडी संपत आली की, नोंद बोलायची. रोग्याचं नाव, जात, वय, काय आजार, काय औषध चालू. हे साहेबांनी घालून दिलेलं होतं. कागद हरवतो, पण तबकडीवर बोललेलं तबकडीबरोबर राहतं, असं ते म्हणत. माझं उर्दू स्वच्छ होतं, म्हणून नोंद मी बोलत असे.

पंधरा दिवस आम्ही गाव ऐकत होतो. म्हाताऱ्या कुंभाराचे गुडघे, चाकाशेजारी उकिडवं बसून झिजलेले, सुकलेली शेंग फुटावी तसे वाजत. तालमीतल्या पहिलवानाचं काळीज डबी लागताच सशासारखं पळायला लागलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि बाहेर गेल्यावर आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. उपाशी गड्याच्या पोटातली गुरगुर घेतली तेव्हा दाराबाहेर गर्दी होती. ती तबकडी साहेबांनी सगळ्यांना ऐकवली.

"आगं आई, ह्याच्या पोटात पूर्णेची गाडी शिरलीय!"

"शिरंल न्हाई तर काय, टेसन मोकळंच हाय की."

पाटील स्वतः येऊन बसले. "आमच्या काळजाचा आवाज काढा साहेब. घरची मंडळी मनत्यात, ह्याला काळीजच न्हाई. एकदा तबकडी नेऊन ऐकवतो."

एका पोटुशी बाईचा आवाज घ्यायचा होता. पुरुषाने डबी धरणं शक्यच नव्हतं. सुईणीने पडद्याआडून डबी धरली आणि मी इकडे यंत्राच्या ऐकायच्या वाट्या कानांना लावून बसलो. बराच वेळ नुसती घरघर होती. मग लांबून, खूप खालून, टापांसारखं काही ऐकू आलं.

"काय मनायलंय?" पडद्यामागून ती बाई हळूच म्हणाली.

"धावायलंय," मी म्हणालो.

ती हसली, आणि तिचं हसू पोटातून कसं ऐकू येतं ते मी ऐकलं. असं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मी लग्न केलं नाही, पुढे तशी कुणाच्या इतक्या जवळ जाण्याची वेळ आली नाही. दुसऱ्याच्या आत काय चाललं आहे हे कळणं म्हणजे जवळीक, असं मला त्या पंधरा दिवसांत वाटू लागलं होतं. मी किती चुकत होतो ते पुढे सांगतो.

मल्हारीमामांना खोकला जुना होता. पंचेचाळिशीचा माणूस, उंच, पण खोकला आला की अर्धा होई. त्यांची बायको साळाबाई दर बाजाराच्या दिवशी बाटली घेऊन येई. लाल औषधाने खोकला बरा होत नव्हता, पण रात्री झोप लागत होती. सोळाव्या दिवशी साहेबांनी ओट्यावर बसलेल्या मामांच्या छातीला सहज नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी नळी माझ्या कानात दिली. खाली, पाठीकडे, वाळल्या पानांवरून मेंढरांचा कळप जावा तशी बारीक चरचर होती आणि तिच्या वर, श्वास सोडताना, कुणीतरी दूर बसून पावा वाजवावा तसा एक सूर.

"सुभानअल्ला," साहेब म्हणाले. दोन्ही आवाज एकाच छातीत, इतके साफ, त्यांनी आजवर ऐकले नव्हते.

पण बॅटऱ्या उतरल्या होत्या आणि कोरी तबकडी एकही नव्हती. साहेबांना पूर्णेला जाऊन बॅटऱ्या भरून आणायच्या होत्या, तबकड्या हैदराबादहून यायच्या होत्या. आठ दिवस लागणार होते. गाडीत बसताना ते मामांच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "देखो भाई, मैं आने तक अच्छे नक्को हो जाना!" सगळे हसले. मामाही हसले आणि हसता हसता खोकले. मग साहेब माझ्याकडे वळले. हैदराबादला या कामासाठी असाच कानाचा माणूस लागणार आहे, आल्यावर बोलू, असं म्हणाले.

ती थट्टा होती. मी तिचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी साळामावशी बाटली घेऊन आली तेव्हा मी आत गेलो, बाटलीत पाणी भरलं, त्यात साखरेचा पाक आणि लाल रंगाचे थेंब टाकले. कागदाची पट्टी चिकटवली. कात्रीने घोटांच्या खुणा नेहमीसारख्या नीट केल्या. त्या खुणा करताना माझा हात हलला नाही, हे मला आठवतं. मला वाटलं, आठच दिवस. मला वाटलं, नाहीतरी हे औषध त्यांना बरं करत नाहीच. मला हैदराबाद दिसत होतं, विजेचे दिवे, वर्गात बसलेली मुलं, आणि त्यांच्यापुढे यंत्राशी उभा असलेला मी.

तीन दिवसांनी ती पुन्हा आली. "दादा, ह्या बारीला औषध लागू पडंना. रातभर बसून ऱ्हायलेत. पाठ चोळून चोळून माजे हात गेले."

"थंडी वाढलीय मावशी," मी म्हणालो, आणि तिला दुसरी बाटली भरून दिली. तीही पाण्याची.

साहेब आठव्या दिवशी आले. दुपारी मामांना आणलं. साळामावशी बरोबर होती. तिला आत यायची मनाई केली, ती बाहेर ओट्याच्या सावलीत बसून राहिली. मामा स्वतःच्याच घोंगड्यांमध्ये, उघड्या अंगाने, स्टुलावर बसले. आठ दिवसांत गळ्याची हाडं वर आली होती. साहेबांनी विचारलं, "दवा?" मी म्हणालो, "बंद है." त्यांनी मान हलवली. रोग्यांनी औषध मध्येच सोडणं त्यांना नवीन नव्हतं. पुढे काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

यंत्र सुरू झालं. मी डबी पाठीला लावली. मामा श्वास घेत होते, सोडत होते. काळा दोरा निघत होता, मी तो ब्रशने सारत होतो. कानाच्या वाट्यांत ती चरचर आणि तो सूर इतका भरून आला होता की मला आनंद झाला. हे लिहायला जड जातं, पण झाला. तबकडी संपत आली, आणि मामांना वाटलं काम झालं. ते बाहेरच्या बाजूला मान वळवून काहीतरी बोलले. मी घाईने त्यांना गप्प केलं आणि नोंद बोलून टाकली. साहेब वैतागले. बोलण्यामुळे तबकडी खराब झाली होती. लगेच दुसरी चढवली, पुन्हा सगळं झालं, या वेळी मामा शेवटपर्यंत गप्प बसले. ती दुसरी तबकडी हैदराबादला गेली. खराब झालेली साहेबांनी मला दिली. आठवण म्हणून ठेव, म्हणाले, आणि लोखंडी सुई लावू नकोस, काटा वापर.

त्याच संध्याकाळी मी खरं औषध भरून रानात मामांच्या पालावर नेऊन दिलं. ते त्यांनी घेतलंही. पण छातीत सर्दी उतरली होती. संक्रांतीच्या आत ते गेले.

पाण्यामुळे गेले का? मला माहीत नाही. त्या हिवाळ्यात मामांसारख्या छातीची आणखी माणसं गेली, औषध घेत असलेलीही. एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे की त्या आठ रात्रींची झोप त्यांची होती, आणि ती मी घेतली. आणखी एक सांगितलं पाहिजे. मामांना मूठमाती देऊन परत येताना मी वाटेत टपालवाल्याला थांबवून विचारलं होतं, हैदराबादहून काही आलं का. आलं नव्हतं. पुढेही आलं नाही. पण मी विचारलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मेंढरं घेऊन मामांचा मुलगा आला, आणि त्याच्यामागे साळामावशी. कपाळ मोकळं. ओट्यावर येऊन बसली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मल्हारीचा आवाज कंपोंडरकडे आहे.

"दादा, त्यात ते बोलत्यात का?"

"न्हाई मावशी. नुसता दम हाय."

"मंग त्योच ऐकव."

मी फोनो काढला, काटा बसवला, चावी दिली. श्वास सुरू झाला. मला वाटलं होतं ती रडेल. ती कान पुढे करून ऐकत राहिली आणि मग तिचा चेहरा सैल झाला. "झोपल्यावर असंच व्हायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, पालाच्या बाहीर कुणी पावा वाजवायलंय."

तबकडीची शेवटची बोटभर जागा उरली तेव्हा मी काटा उचलला. "एवढंच हाय," म्हणालो.

तिथे काय आहे हे मला ठाऊक होतं. तिथे मामा बोलतात आणि त्यानंतर माझा आवाज आहे, नोंद बोलणारा. ती नोंद तिच्या कानावर पडू नये म्हणून मी तो काटा उचलला. तेव्हापासून दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत ती आली, मी काटा लावला, आणि त्याच जागी उचलला.

मधल्या काळात खूप काही झालं. दंगलीचे, धास्तीचे दिवस आले, लोक रात्रीतून गावं सोडून गेले, मग निजाम गेला. दवाखान्याची पाटी बदलली, तिच्यावर मराठी अक्षरं आली. नवे डॉक्टर आले, छातीचे आजार सुई टोचून बरे करू लागले. त्यांच्या हाताखाली मी तसाच राहिलो. नळी मात्र मी पुन्हा कुणाच्या छातीला लावली नाही. ऐकू कमी येतं असं सांगितलं. घरी एकटा असतो तेव्हा माझेच आवाज मला ऐकू येतात, गुडघे, पोट, भाकरी चावताना कानाजवळ कटकटणारा जबडा. माणूस एकटा राहिला की त्याचं शरीर त्याच्याशी फार बोलायला लागतं. ते कुणी नोंदवून ठेवावं असं काही त्यात नसतं.

तबकडी झिजत होती. काटा कितीही मऊ असला तरी लेप त्याहून मऊ. पाच-सहा वर्षांनी चरचर गेली. मग सूर बारीक होत गेला. गेली तीन-चार वर्षं तर नुसती सरसर आहे, वाळूवरून पाणी ओढल्यासारखी. साळामावशीला ते कळत होतं की नाही, देव जाणे. ती तशीच कान पुढे करून बसे, तसाच तिचा चेहरा सैल होई. मला वाटे, तिच्या मनातला श्वास ती त्या सरसरीवर मांडते आहे. आणि मला हेही वाटे की एके दिवशी यातून काहीच येणार नाही, आणि मग सांगायचं म्हटलं तरी सांगायला निमित्त उरणार नाही.

गेल्या सोमवारी ती आली. आता साठी ओलांडलेली आहे, काठी टेकत. नातवाने ओट्यापर्यंत सोडलं आणि तो मेंढरांकडे गेला. हवेत भाजल्या कणसांचा वास होता. ती सावलीत, नेहमीच्या जागी बसली.

"काटा ताजा हाय का रे?"

"ताजा हाय."

"मंग लाव. औंदा लय चाललेय, दम लागलाय मला बी. दोघांचा संगच ऐकू."

मी चावी दिली. सरसर सुरू झाली. ती डोळे मिटून ऐकत होती, तिचा स्वतःचा श्वास मोठ्याने येत होता, आणि खरंच, त्या सरसरीतून दुसरा श्वास येतो आहे की हाच, ते मला कळेना. काटा आत आत सरकत गेला. शेवटची बोटभर जागा आली. माझा हात पुढे गेला आणि थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो हात हलत होता. मी तो मांडीखाली घेतला.

मला जे सुचलं नव्हतं ते घडलं. त्या जागेवरून एवढ्या वर्षांत एकदाही काटा गेला नव्हता, त्यामुळे ती नवी करकरीत राहिली होती. सरसर एकाएकी थांबली, आणि कुणी दारातून आत यावं तसा मामांचा श्वास आला, चरचरीसकट, सुरासकट. आणि मग त्यांचा आवाज, खणखणीत:

"साळे, उनात बस. गारठशील."

त्याच्यावर माझा, चोवीस वर्षांचा, घाईचा: "श्श! गप ऱ्हावा." आणि लगेच स्वच्छ उर्दूत: "मल्हारी, धनगर, उम्र पैंतालीस, पुरानी खांसी, दवा आठ रोज से बंद."

तबकडी फिरत राहिली. मी ती थांबवली.

साळामावशीने डोळे उघडले नव्हते. तशीच म्हणाली, "दवा बंद मंजी काय रे? मी तर बाटल्या नेत व्हते."

मी सांगितलं. पाणी, पाक, रंग, पट्टी, खुणा, दोन्ही बाटल्या. हैदराबादची नोकरीही सांगितली. टपालवाल्याचंही सांगितलं. सांगून झालं तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत होतो, आणि तिने काठी उचलून मारावं असं मला मनापासून वाटत होतं.

"पान्याचं मला काय कळंना," ती शेवटी म्हणाली. "माजा दीर सरकारी औषध पिऊन बी गेला. त्ये तू अन् देव बगून घ्या." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पर हे? हे माजं व्हतं. मला मनले व्हते ते. मी इचारलं व्हतं तुला, बोलत्यात का मनून. न्हाई मनलास. येवढी वर्सं कामून दाबून ठिवलंस?"

मी म्हणालो, भीती होती, त्याच्यामागे माझा आवाज आहे म्हणून.

"तुज्या आवाजाला काय करायचं हाय मला," ती म्हणाली.

मी विचारलं, पुन्हा लावू का.

"नगं. झिजंल." तिने हात पुढे केला. "दे हिकडं."

"मावशी, तुमच्याकडं फोनो न्हाई."

"नसू दे. तुज्याकडं नगं आता."

मी तबकडी काढून दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, पदराने पुसली आणि काठी टेकत उठली. मला वाटलं ती निघाली. पण ती ओट्याच्या पायऱ्या उतरली, सावली जिथे संपते तिथून दोन पावलं पुढे गेली, आणि अंगणात, उन्हात, माझ्याकडे पाठ करून बसली. तबकडी मांडीवर होती, काळी, चमकणारी, वर तोंड करून.

उन्हाने तो लेप मऊ होऊन पसरतो, हे मला माहीत होतं. साहेबांनी बजावून सांगितलं होतं. घटकाभरात त्यावरचं सगळं जाणार होतं, ती बोटभर जागासुद्धा. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

नातू येईपर्यंत ती उन्हात बसून होती. मी आत, फोनोजवळ, ताजा काटा तसाच लावलेला.